अब्रिज्ड ओवी

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. दोरीवरचे वाळलेले कपडे काढून खुर्चीवर टाकावेत, घड्या उद्या घालू म्हणावं, आणि एक दिवस खुर्चीच दिसेनाशी व्हावी, तसे ते साचतात. आमच्या स्टाफरूमचे किस्से माझ्याकडे असेच साचलेत. शाळा तिरोड्यात, घर गोंदियाच्या फुलचूरमध्ये. गाडी पकडणं, तास घेणं, पुन्हा गाडी पकडणं आणि मुलीच्या मागे ताट घेऊन फिरणं, यात घड्या घालायच्या राहूनच जातात.

आज घालायला बसले, कारण तसाही डोळ्याला डोळा लागत नाहीये. बऱ्याच दिवसांपासून लागत नाही. कारण ओवी, माझी मुलगी. साडेतीन वर्षांची झाली तरी एकेका शब्दात बोलायची. "पाणी." "नको." "दे." "जा." दोन शब्द एकमेकांना चिकटून बाहेर आलेत, असं कधी झालेलं नव्हतं. गल्लीतली तिच्याएवढी पोरं आईबापाला उलटून बोलतात. मी त्या आयांकडे आशेने बघत राहायचे.

तर हे सगळं सुरू झालं एका इंग्रजी शब्दावरून.

*

मी आठवीला इंग्रजी शिकवते. एका धड्याच्या नावाखाली बारीक अक्षरात एक शब्द छापलेला आहे, अब्रिज्ड. इतकी वर्षं तो कोणी वाचला नव्हता. यंदा पहिल्या बाकावरच्या एका मुलीने वाचला.

"मॅडम, हे काय हाय?"

कोणीतरी काहीतरी विचारलं याचाच मला इतका आनंद झाला की मी तो शब्द फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिला. म्हटलं, "मूळ गोष्ट खूप मोठी असते. ती धड्यात मावत नाही. मग कोणीतरी ती छोटी करतं. माणसं तीच, अर्थ तोच, फक्त लांबी कमी. अशा छोट्या केलेल्या गोष्टीला अब्रिज्ड म्हणतात. आता वाक्यात उपयोग करा."

उपयोग सुरू झाला.

"मॅडम, माह्या बाबानं मिशी अब्रिज्ड केली."

"मिशीला नाही म्हणत. पुस्तक, गोष्ट, भाषण असं काहीतरी पाहिजे."

"मॅडम, मंग पेन्सिल? झिजून झिजून एवढीशी झाली तं?"

"ती नुसती शॉर्ट झाली. अब्रिज्ड म्हणजे कोणीतरी ठरवून छोटं केलेलं. आणि त्यासाठी आधी ते कुठेतरी पूर्ण असावं लागतं."

फार छान समजावलं असं मला वाटलं. तेवढ्यात तीच पहिल्या बाकावरची पुन्हा उभी राहिली.

"पण मॅडम, पूर्ण पुस्तक आपल्याला दिसलंच नाही तं कसं समजाचं? अब्रिज्ड हाय का तेवढंच हाय?"

घंटा झाली म्हणून वाचले! "चांगला प्रश्न आहे, उद्या बघू," म्हणाले. आम्ही शिक्षक असं म्हणतो तेव्हा तो उद्या कधीच येत नसतो. प्रश्न मात्र माझ्या मागोमाग गाडीत चढला, गोंदियाला उतरला, ऑटोत बसला आणि घरी आला. दारात ओवी उभी होती. माझ्या पर्सकडे बोट दाखवून म्हणाली, "खाऊ."

मी तिच्याकडे बघत राहिले. अब्रिज्ड हाय का तेवढंच हाय?

*

हे मी स्टाफरूममध्ये सांगायला नको होतं. पण डब्याच्या सुट्टीत पोळीबरोबर मनातलंही बाहेर येतं.

आमच्या मराठीच्या कापगते मॅडम तोंडाच्या फटकळ. माया पुष्कळ, पण ती आधी फटका मारून मग येते. त्यांनी भाजीचा डबा माझ्याकडे सरकवला आणि म्हणाल्या, "पोरीचं नाव ठेवलं ओवी आणि पोरगी बोलते एक शब्द! चारोळी ठेवलं असतं तरी तीन ओळी उधारच राहिल्या असत्या."

सगळे हसले. मीही हसले. घरी जाऊन नाही हसले.

*

शब्द मात्र स्टाफरूमला भयंकर आवडला. हेडसरांना सगळ्यात जास्त. त्यांना कुठल्याही गोष्टीला इंग्रजी नाव मिळालं की ती गोष्ट मंजूर झाल्यासारखी वाटते. प्रार्थना अब्रिज्ड झाली. मिटिंगचा चहा अब्रिज्ड झाला. कप तेच, चहा कमी!

मग गॅदरिंग आलं. प्रमुख पाहुणे बोलायला उभे राहिले की खाली बसत नाहीत, अशी त्यांची ख्याती. हेडसर मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, तुम्ही इंग्लिशवाल्या. तुम्हीच सांगा त्यांना. भाषण अब्रिज्ड करा म्हणा. मराठीत सांगितलं तर वाईट वाटेल."

मी जीव मुठीत धरून पाहुण्यांना सांगितलं. ते फार मोठ्या मनाचे. "हो हो, अगदी! वेळेचं भान मला आहे," म्हणाले. माईक हातात घेतला.

"वेळेअभावी मी माझ्या बालपणाबद्दल काहीच बोलणार नाही," अशी सुरुवात झाली. मग बालपणातलं काय काय बोलणार नाही ते सांगितलं. ते संपल्यावर, संघर्षाच्या काळाबद्दलही बोलणार नाही म्हणाले आणि तो काळ सुरू झाला. पुढच्या रांगेतली पहिलीची पोरं एकमेकांच्या अंगावर झोपली. शेवटी आपण जे जे बोललो नाही त्याचा त्यांनी थोडक्यात आढावा घेतला.

हेडसर स्टेजवरून माझ्याकडे बघत होते. मी मांडवाच्या खांबाकडे बघत होते.

*

याच्या बरोबर उलटे आमचे गणिताचे पटले सर. त्यांचं बोलणं म्हणजे गणिताच्या पुस्तकाची शेवटची पानं. फक्त उत्तरं.

एका शनिवारी शाळा सुटताना ते हेडसरांच्या दारात उभे राहिले.

"सर, सोमवारी येत नाही."

"काऊन?"

"लग्न आहे."

"कोणाचं?"

"माझं."

एवढं बोलून ते सायकलस्टँडकडे गेले. हेडसर आम्हाला विचारायला आले, "यांचं ठरलं कधी?" आम्हाला तरी कुठे माहीत होतं! कापगते मॅडम म्हणाल्या, "तिकडं मंगलाष्टकंही अब्रिज्ड असतील. सावधान, बस."

रविवारभर मी मनात पटले सरांना धरून बसले होते. हा माणूस नोकरी करतो, लग्न करतो, मुलांना त्याचं गणित कळतं. म्हणजे चालतं. कमी बोलून चालतं! मग आठवलं, कमी बोलणं वेगळं आणि बोलता न येणं वेगळं. आणि पुन्हा तोच प्रश्न घेऊन बसले.

*

आता नाटकाचा किस्सा. हा सांगितल्याशिवाय आमच्या शाळेचं कोणी उठू देत नाही.

आमच्या भागात नाटक म्हणजे रात्रभर. दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते, शेतातले धान घरी येतात, आणि मंडपात नाटक लागतं ते उजाडेपर्यंत. पाहुणेरावळे येतात, सोबत चटया, चादरी, चिवडा आणि झोपलेली लेकरं येतात. ज्याला झोप लागली तो तिथेच आडवा होतो आणि उठून पुढचा प्रवेश बघतो. लोकांना सवय तीच.

त्याच गॅदरिंगमध्ये मुलांचं नाटक बसवलं होतं. मूळ चांगलं तीन अंकी. पण पाहुण्यांनी न केलेल्या भाषणात वेळ गेलेला! हेडसरांनी विंगेत येऊन हुकूम सोडला, "अब्रिज्ड करा. दहा मिनिटांत."

कापगते मॅडमनी तिथल्या तिथे कात्री चालवली. राजाचं लग्न गेलं. प्रधानाचं कारस्थान गेलं. विदूषक अख्खा गेला, तो मेकअपसह रडायला लागला. उरलं काय, तर राजा आला, "हा अन्याय मी सहन करणार नाही!" म्हणाला, कोणता अन्याय ते कोणाला कळायच्या आत सेनापती पडला आणि पडदाही पडला.

टाळ्या झाल्या. आम्ही माईकवरून आभार मानले. जन गण मन झालं.

कोणी उठेना.

आसपासच्या गावांतून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून लोक आले होते. बायकांनी चटया नीट केल्या. चिवड्याच्या पिशव्या आता कुठे सुटायला लागल्या. राजा झालेल्या पोराचे आजोबा पुढेच बसले होते. त्यांनी हेडसरांना हाक मारली, "ओ मास्तर! हे नमुन्याचं झालं, चांगलं झालं. आता नाटक कवा लागते?"

हेडसरांनी आयुष्यात पहिल्यांदा इंग्रजी वापरलं नाही. म्हणाले, "लागतेच आहे."

आणि मुलांना आत ढकलून कापलेलं सगळं परत जोडलं! लग्न लागलं, कारस्थान झालं, विदूषक रडून सुजलेल्या डोळ्यांनी आला आणि सगळ्यात जास्त हशा त्यानेच घेतला. ज्यांना आठवत नव्हतं त्यांनी मनाचं घातलं. सेनापती मरायला तयारच नव्हता. लोक घरी गेले तेव्हा शेवटची गाडी कधीच निघून गेली होती आणि मी कापगते मॅडमच्या घरी, त्यांच्या गाऊनमध्ये, ओवी आज माझ्याशिवाय झोपली असेल का या विचारात आढ्याकडे बघत पडले होते.

सकाळी फोन केला. सासूबाई म्हणाल्या, "झोपली ना. तुहं नाव बी नाही काढलं."

नाव काढलं नाही म्हणजे आठवण आली नाही, की काढता आलं नाही? हे असं असतं बघा माझं. सरळ वाक्यालासुद्धा मी फाटे फोडते.

*

सासूबाईंचं या विषयावरचं मत ठाम आहे. गल्लीतल्या बायका दारात उभ्या राहून विचारतात, "बहू, बिटिया अभी तक बोलती नहीं?" कोणी शंखातलं पाणी पाजायला सांगतं, कोणी जिभेला मध. मी सगळं ऐकते, काही गुपचूप करूनही बघते. शिकलेली आहे, पण आईही आहेच. मधाचा परिणाम झाला. ओवी "मध" म्हणायला शिकली.

एकदा मी रडवेली होऊन बसले तेव्हा सासूबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "कायले एवढा जीव जाळून रायली वो? हिचा बाप बी असाच होता. पाच सालाचा झाला तरी बोलत नव्हता."

मला केवढा धीर आला! हे कोणी मला आधी का सांगितलं नाही? मी पुढे सरकून विचारलं, "मग? मग कधी बोलायला लागले ते?"

सासूबाईंनी सूप थांबवलं. समोर नवरा पेपर वाचत होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, प्लांटमधून ड्युटी करून येतो, जेवतो, "बरं" म्हणतो आणि झोपतो. त्याच्याकडे जरा वेळ बघून त्या म्हणाल्या,

"आता बी कुठं बोलून रायला?"

नवरा पेपरमागून म्हणाला, "बरं."

*

शेवटी डॉक्टरकडे गेलो. लहान मुलांचे डॉक्टर, बाहेर ही गर्दी! आत गेल्यावर त्यांनी ओवीला समोर बसवलं.

"काय नाव, बाळ?"

"ओवी," मी म्हटलं.

"आज काय खाल्लं?"

"पोहे खाल्ले डॉक्टर, पण अर्धेच, आणि त्यातले शेंगदाणे काढून."

डॉक्टरांनी कान तपासले, घसा बघितला, पाठीमागून खुळखुळा वाजवला, ती वळली. तिला चेंडू आण म्हणाले, आणला. दार लाव म्हणाले, लावलं. घरात किती भाषा बोलता ते विचारलं. मी मोजून दाखवल्या. माझी पुस्तकी मराठी, आजीची झाडीबोली, गल्लीची हिंदी, आणि मी तिच्यासाठी मुद्दाम बोलते ते इंग्रजी. मग तिला यामुळेच गोंधळ होत असेल का, मी नोकरी करते म्हणून असेल का, गरोदरपणी मी फार कमी बोलत होते म्हणून असेल का, मोबाईलमुळे असेल का, हे सगळं एका दमात विचारून टाकलं.

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "तिला सगळं समजतंय. कान चांगले आहेत. थोडे महिने बघू, नाहीतर स्पीचवाल्यांकडे पाठवू. काळजीचं सध्या काही दिसत नाही."

"नक्की ना डॉक्टर? म्हणजे तुम्ही आमच्या समाधानासाठी तर…"

त्यांनी पेनचं टोपण लावलं. "मॅडम, मुलीची तपासणी झाली. आता तुमचं बीपी बघू का?"

*

रात्री गोष्ट सांगायची, असं कुठेतरी वाचलं होतं. शब्दसंपत्ती वाढते म्हणे. मी मोठी रंगीत पुस्तकं आणली. पण दिवसभर पाचवी ते आठवी ओरडून घरी आल्यावर माझ्या गोष्टी कशा असणार? "एक कोल्हा होता. त्याला द्राक्षं दिसली. मिळाली नाहीत. गेला. झोप."

ओवी म्हणायची, "अजून."

"अजून नाही. गेला ना तो!"

मग ती उशी उचलून आजीच्या खोलीत जायची. सासूबाईंची गोष्ट मी दाराबाहेरून ऐकलेली आहे. एक म्हातारी लेकीकडे जायला निघते. पण निघण्याआधी ती गाय सोडते, शेण काढते, तळ्यावर जाते, तिथे जाऊबाई भेटते, जाऊबाईच्या सुनेला काय झालं ते येतं, मग घरी येऊन भाकरी थापते, भाजी कशाची त्यावर दोघींत वाद होतो. म्हातारी अजून अंगणाबाहेर पडलेली नसते आणि इकडे घड्याळ पुढे पळत असतं.

एकदा राहवलं नाही. दार लोटून म्हटलं, "आई, जरा अब्रि… म्हणजे जरा थोडक्यात सांगा ना! झोपायला उशीर होतो तिला."

दोघींनी एकदम माझ्याकडे बघितलं. सासूबाई म्हणाल्या,

"काऊन वो? तुले कुठं जाचं हाय काय?"

*

आणि मग आला नर्सरीच्या प्रवेशाचा दिवस.

गोंदियातली ती शाळा चांगली, पण न बोलणारी मुलं घेत नाहीत, असं गल्लीत पक्कं सांगितलं गेलं होतं. कोणी सांगितलं ते कोणालाच माहीत नव्हतं, म्हणून ते खोटं आहे असंही म्हणता येईना. घेतलं नाही तर? आज नर्सरीला नाही, उद्या पहिलीला नाही! आठवडाभर मी ओवीची तयारी करून घेत होते. रंग, फळं, प्राणी, वडिलांचं नाव. ती सगळं ऐकून घ्यायची आणि "झालं?" म्हणायची. हा एक नवीन शब्द मात्र आला होता.

स्टाफरूमने सुट्टीसाठी माझे तास वाटून घेतले. कापगते मॅडम म्हणाल्या, "नाही घेतलं तर सांगा, मी येते भांडायला. तिथं अब्रिज्ड नाही बोलणार." पटले सर माझ्या टेबलाशी थांबले. काहीतरी मोठं बोलणार असं वाटलं. "होईल," म्हणाले.

आम्ही तिघे गेलो. मुलांच्या बुटक्या रंगीत खुर्च्या होत्या, नवऱ्याचे गुडघे छातीला लागले होते. समोर एक तरुण मॅडम, हसतमुख. ओवी माझ्या शेजारच्या खुर्चीवर, हातात बिस्किट.

मॅडमनी पुढे वाकून विचारलं, "हॅलो बेटा! नाव काय तुझं?"

ओवीने बिस्किट तोंडातून काढलं. मला एक क्षणही थांबवेना. "ओवी नाव आहे," मी म्हटलं, "नवीन माणसं दिसली की ती जरा…"

"काही हरकत नाही. बेटा, घरी कोण कोण असतं?"

"आजी असते ना, ओवी? आजी, बाबा आणि मी. आजीचा फार लळा आहे मॅडम तिला."

मॅडमनी चित्र पुढे केलं. "ये क्या है, बताओ?"

"हत्ती! माहीत आहे तिला. घरी म्हणते ती, 'हत्ती' असं स्पष्ट म्हणते."

"आणि याचा रंग?"

"पिवळा," मी म्हटलं. "यलो."

माझी सगळी उत्तरं बरोबर येत होती. माझा प्रवेश पक्का होता! नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, पण तो काय बोलणार? मॅडमनी हातातली चित्रं खाली ठेवली, खुर्ची ओवीच्या आणखी जवळ घेतली आणि अगदी हळू विचारलं, "ओवी, तुला सगळ्यात जास्त काय आवडतं?"

"तिला ना मॅडम, भात आवडतो, म्हणजे गरम भात आणि त्याच्यावर…"

ओवी खुर्चीवरून उतरली. माझ्यासमोर येऊन उभी राहिली. बिस्किटाने चिकट झालेला तळवा तिने माझ्या तोंडावर गच्च दाबला आणि म्हणाली,

"आई, तू चूप राय ना वो! मॅडम मले विचारून रायली."